केंब्रिजचे ‘अपॉसल्स’ : गुप्ततेचे मोल

महाविद्यालयीन गुप्त मंडळांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम सभासदांच्या नामावळीकडे वळते. केंब्रिज विद्यापीठातील ‘अपॉसल्स’ मंडळाच्या बाबतीत हा मोह विशेष अनावर होतो. कारण टेनिसन, मॅक्सवेल, रसेल, मूर, केन्स अशी नावे तेथे एकापाठोपाठ एक आढळतात. परंतु नामावळी म्हणजे इतिहास नव्हे. गुप्ततेने या मंडळाला काय दिले आणि त्याच्यापासून काय हिरावून घेतले, हा खरा प्रश्न होय.

१८२० साली सेंट जॉन्स कॉलेजात हे मंडळ स्थापन झाले. पुढे ट्रिनिटी व किंग्ज ही कॉलेजे त्याची प्रमुख ठाणी बनली. शनिवारी रात्री एकाने निबंध वाचावा, इतरांनी त्यावर बोलावे आणि अखेरीस मतदान व्हावे, असा शिरस्ता होता. हेन्री सिज्विक १८५६ साली सभासद झाला. जिवलग मित्रांच्या लहानशा समूहात मनात काहीही न ठेवता केलेला सत्याचा शोध, असे या मंडळाच्या वृत्तीचे वर्णन त्याने केले आहे. हाच सिज्विक धर्ममतांना दिलेली संमती मनाला पटेना म्हणून १८६९ साली आपल्या फेलोशिपचा त्याग करतो. उघडपणे शंका घेणे जेथे उपजीविकेवर बेतत होते, तेथे बंद दाराआड शंका घेण्याची मोकळीक ही चैन नव्हती. ती विचाराची गरज होती.

या गुप्ततेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मंडळ तेवढे ‘सत्य’ आणि बाहेरचे जग केवळ ‘आभास’, असा कांटच्या परिभाषेतील विनोद सभासदांत रूढ होता. त्या विनोदाची सर्वांत कठोर परीक्षा एका सभासदानेच केली. १९०१ साली मंडळात आलेल्या ई. एम. फॉर्स्टरची ‘द लाँगेस्ट जर्नी’ (१९०७) ही कादंबरी ‘बंधूंना’ अर्पण केलेली आहे. पाहणारे कोणी नसताना गाय अस्तित्वात असते काय, या विद्यार्थ्यांच्या वादाने ती सुरू होते. तोच ॲग्नेस ही तरुणी खोलीत येते. अ‍ॅन्सेल तिची दखल घेत नाही आणि ती तेथे नव्हतीच, असे मागाहून सांगतो. गाईच्या अस्तित्वाविषयी इतके काटेकोर असलेले तत्त्वज्ञान समोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे अस्तित्व सहज नाकारते. ॲग्नेसविषयीचा अ‍ॅन्सेलचा अंदाज पुढे बराचसा खरा ठरतो, हे मान्य करूनही प्रसंगातील क्रौर्य उणावत नाही. स्त्रियांना या मंडळाचे दार १९७० नंतरच उघडले, हे ध्यानी घेता तो प्रसंग निव्वळ कल्पित राहत नाही.

गाय बर्जेस १९५१ साली मॉस्कोला पळाला आणि अँथनी ब्लंटची हेरगिरी १९७९ साली उघड झाली. हे दोघेही सभासद असल्यामुळे मंडळाच्या इतिहासाला हेरकथेचे वळण लागले. तथापि दोन सभासदांच्या द्रोहावरून दीडशे वर्षांच्या चर्चापरंपरेचा निर्णय करणे न्याय्य नव्हे. मंडळाचा दोष अधिक सूक्ष्म होता. निर्भय बोलण्यासाठी घातलेले कुंपण हळूहळू आतल्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मानले गेले. सिज्विकच्या पिढीला त्या कुंपणाची गरज होती; फॉर्स्टरने त्याची किंमत दाखविली. या दोन्ही साक्षी एकत्र ठेवल्याखेरीज या मंडळाचा इतिहास पुरा होत नाही.