चौरंगीवरील यवन

जगातील कला व वास्तू यांची ओळख सामान्य जनांस करून देणे हे सार्वजनिक संग्रहालयाचे एक कर्तव्य आहे, याविषयी आज कोणाचा मतभेद नसावा. मतभेद आहे तो ही ओळख कशी करून द्यावी, याविषयी. कोलकात्यात (आमच्या तोंडी अजून कलकत्ताच) या कार्याची परंपरा मुंबईहून जुनी आहे. तरीही तेथील संग्रहालयांचे हल्लीचे उपक्रम पाहून आमचे समाधान झाले नाही, हे स्पष्टच सांगतो.

चौरंगीवरील इंडियन म्युझियम, बंगाली माणसाचे ‘जादूघर’, हे १८१४ साली एशियाटिक सोसायटीच्या आश्रयाने आणि नॅथॅनिएल वॉलिच या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने सुरू झाले. हल्लीच्या इमारतीत ते लोकांस खुले झाले १८७८ साली. बदलीच्या निमित्ताने त्या शहरात राहिलेल्या मराठी कुटुंबांस हे संग्रहालय चांगले परिचयाचे असते. कारण गावाकडून पाहुणे आले की दक्षिणेश्वर, बेलूर, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि जादूघर ही फेरी चुकत नाही. जादूघरात शिरलेला पाहुणा प्रथम विचारतो तो ममीविषयी. ममी पाहिली, देवमाशाचा सांगाडा पाहिला, की परदेश आणि निसर्ग हे दोन्ही विषय आटोपले असे समजून मंडळी बाहेर पडतात. यात पाहुण्यांचा दोष फारसा नाही. जगाची कला म्हणजे लांबून आणून काचेत ठेवलेली अद्भुत वस्तू, हा समज संग्रहालयानेच आपल्या मांडणीने जोपासला आहे.

त्याच इमारतीत भारहूतचे दालन आहे. सध्याच्या मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांस १८७३ साली एका स्तूपाचे अवशेष आढळले. आसपासचे लोक घरे बांधण्यासाठी तेथील दगड नेत आलेले होते. उरलेले वाचावे म्हणून तांबड्या वालुकाश्माचा कठडा व तोरण कलकत्त्यास आणले गेले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे काम. कठड्याचे आडवे दगड उभ्या खांबांच्या खाचांत बसविलेले आहेत, ही रीत सुताराची, पाथरवटाची नव्हे. ज्याने भाजे पाहिले आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या लाकडी फासळ्या मान वर करून न्याहाळल्या आहेत, त्याला येथे घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. लाकडाची वास्तू दगडात कशी उतरली, हा जगाच्या वास्तुकलेतील एक मोठा प्रश्न आहे. ग्रीक देवळांविषयीही विद्वान तोच प्रश्न विचारीत आले आहेत. भारहूतच्या दालनात तो हाताच्या अंतरावर उभा असतो.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. येथील अनेक शिल्पपटांवर ब्राह्मी अक्षरांत त्या त्या प्रसंगाचे नाव कोरलेले आहे. अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेतले तो पट पाहावा. बैलगाडीतून नाणी उतरली आहेत, माणसे ती चौकोनी नाणी जमिनीवर जोडून मांडीत आहेत, आणि खाली व्यवहाराचा मजकूर आहे. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या आमच्या वाचकांस या खरेदीची गंमत निराळी सांगावयास नको. संग्रहालयातील पाटी ही विलायती कल्पना आहे असे मानणाऱ्यांनी हा पट अवश्य पाहावा. बावीसशे वर्षांपूर्वीच्या कारागिराला, येणाऱ्याजाणाऱ्याला आपण काय पाहतो आहोत हे कळावे, एवढी काळजी होती.

आता त्या दालनातील आमचा आवडता पुरुष. एका खांबावर एक योद्धा कोरलेला आहे. केस आखूड व कुरळे, त्यांवर बांधलेली फीत, अंगात मांड्यांपर्यंत येणारा अंगरखा, पायांत बूट, एका हातात द्राक्षवेल आणि कमरेला रुंद तलवार. पोशाखावरून बहुतेक अभ्यासक त्याला यवन मानतात. परंतु त्याच्या तलवारीच्या म्यानावर चिन्ह आहे ते मात्र बौद्धांचे. तोरणाच्या काही भागांवर खरोष्ठी अक्षरांच्या खुणाही सापडल्या आहेत, म्हणजे वायव्येकडील लिपी जाणणारे हात येथे राबले असले पाहिजेत. आणि कार्ल्याच्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आहेत, हे तर मराठी वाचकांस ठाऊकच आहे. असा हा यवन चौरंगीवर उभा आहे. जगाची कला त्याच्या रूपाने घरात येऊन राहिली असताना, तिच्या ओळखीसाठी व्याख्यानगृहात पडदा लावून पॅरिस व फ्लॉरेन्सची चित्रे दाखविली जातात. व्याख्याने ऐकणारे श्रोते भारहूतच्या दालनाकडे वळत नाहीत, आणि दालन पाहणाऱ्यांस व्याख्यानाची वार्ता नसते. आमची तक्रार आहे ती या ताटातुटीची.

या ताटातुटीचे कुळ शोधू गेल्यास थोडे मागे जावे लागते. कलकत्त्याच्या कलाशाळेच्या चित्रालयात पूर्वी युरोपीय चित्रे व त्यांच्या नकला होत्या. १८९६ साली प्राचार्य होऊन आलेल्या ई. बी. हॅवेल यांनी त्या हळूहळू काढून टाकल्या व त्यांच्या जागी मोगल आणि इतर भारतीय चित्रे आणली. हॅवेल यांचा हेतू थोर होता, आणि भारतीय चित्रकलेवर त्यांचे ऋण आहे. काही विद्यार्थी मात्र संतापले, आणि रणदाप्रसाद गुप्त यांनी १८९७ साली आपली निराळी शाळाच काढली. आमच्या मते हॅवेल यांची चूक एवढीच, की एक आणण्यासाठी दुसरे घालविलेच पाहिजे असे त्यांनी धरून चालले. दोन्ही एका भिंतीवर टांगून पाहण्याचा प्रयोग त्यांस सुचला नाही.

तो प्रयोग पुढे १९२२ सालच्या डिसेंबरात झाला. इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेच्या चौदाव्या वार्षिक प्रदर्शनात वायमार येथील बाउहाउस शाळेच्या कलावंतांची मूळ चित्रे व मुद्राचित्रे मांडली गेली. शांतिनिकेतनात आलेल्या स्टेला क्रामरिश या विदुषीने त्या शाळेतील योहान्नेस इटेन यांना पत्र लिहून ती मागविली होती. क्ली, कॅंडिन्स्की, फायनिंगर ही नावे आज जगभर परिचित आहेत. त्या वेळी ती जर्मनीतही वादग्रस्त होती. आणि त्यांच्या शेजारी होती गगनेंद्रनाथ, सुनयनीदेवी आदींची चित्रे. कोणी गुरू नाही, कोणी शिष्य नाही. पाहणाऱ्याने पाहावे आणि ठरवावे.

पार्थ मित्तर यांनी आपल्या २००७ सालच्या ग्रंथात भारतीय आधुनिकतेची कथा याच प्रदर्शनापासून आरंभिली आहे. त्यांच्या व्यासंगाविषयी आदर बाळगूनही आम्हांस असे वाटते की येथे एका घटनेवर फार भार टाकला जातो. गगनेंद्रनाथांच्या घनवादी चित्रांवर क्रामरिशबाईंचा लेख ‘रूपम्’ त्रैमासिकात त्याच वर्षी, प्रदर्शनापूर्वीच येऊन गेला होता. तेव्हा बाउहाउसने त्यांना घनवाद शिकविला असे म्हणता येणार नाही. प्रदर्शनाचे महत्त्व त्याच्या परिणामात शोधण्याऐवजी त्याच्या मांडणीत शोधावे, हे बरे. या घटनेवर २०१३ साली मोठे प्रदर्शन झाले ते जर्मनीत, डेसाऊ येथे. कलकत्त्याने १९२२ साली काय पाहिले हे जाणण्यासाठी कलकत्तेकराने डेसाऊस जावे, याला काय म्हणावे!

मुंबईकडे पाहावे तर त्याच १९२२ सालच्या जानेवारीत तेथील प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालय लोकांस खुले झाले. युरोपची चित्रे व चीन-जपानच्या वस्तू तेथे आल्या त्या टाटा बंधूंच्या संग्रहांतून, म्हणजे धनिकाच्या रसिकतेतून. पुष्कळ वर्षे त्या आपापल्या दालनांत सुखाने नांदत होत्या. परंतु २०१७च्या नोव्हेंबरात, त्या संग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम व दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या साहाय्याने ‘भारत आणि जग’ हे प्रदर्शन नऊ प्रकरणांत मांडले, आणि त्यात भारतीय वस्तू परदेशी वस्तूंच्या शेजारी ठेवल्या. मुंबईनंतर ते दिल्लीस गेले, कलकत्त्यास आले नाही. ज्या शहराने हा पाठ पंच्याण्णव वर्षे आधी गिरविला, त्याच्या वाटेवरून ते गेले नाही, याची आम्हांस खंत वाटते.

परदेशी मूळ कृती आणणे खर्चाचे आहे, विम्याचे व सुरक्षेचे प्रश्न बिकट आहेत, हे सरकारी कामाची रीत जाणणाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. पण वास्तुकलेच्या बाबतीत तीही सबब टिकत नाही. इंडियन म्युझियमची इमारत वॉल्टर ग्रॅनव्हिल या वास्तुविशारदाची आहे. इटालियन धाटणीची, मध्ये मोकळे अंगण आणि सभोवती खांबांचे सज्जे. मोठ्या घुमटाचे जनरल पोस्ट ऑफिस त्याचेच, १८६८ सालचे. गॉथिक कमानींचे हायकोर्टही त्याचेच, १८७२ सालचे. एकच माणूस एका दशकाच्या आगेमागे तीन देशांच्या तीन शैली कलकत्त्याच्या चिखलमातीवर उभारतो, आणि तिन्ही इमारती एका सकाळी पायी पाहून होतात. संग्रहालयाने शाळकरी मुलांस आधी आपले अंगण दाखवावे, मग भारहूतच्या कठड्याची सुतारी दाखवावी, आणि मग त्यांस घेऊन हायकोर्टाकडे चालू लागावे. हायकोर्ट बेल्जममधील ईप्र गावच्या कापडबाजाराच्या नमुन्यावर बांधले असे सांगतात. ती मूळ इमारत पहिल्या महायुद्धात तोफांखाली ढासळली आणि तिची पुनर्बांधणी पुरी झाली १९६७ साली. हुगळीकाठची नक्कल तोवर पंच्याण्णव पावसाळे पाहून झाली होती.