ऐकून घेण्याची विद्या

उपदेश हें आमच्या समाजाचें आवडतें दान आहे. दुःखी मनुष्य दारीं आला कीं त्यास पाणी देण्यापूर्वी सल्ला देण्याची घाई आम्हां सुशिक्षितांस होते. अध्यापकाचा पेशा पत्करलेल्यांस तर ती अधिकच होते. अशा वाचकास कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचें ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ हें १९६१ सालचें पुस्तक प्रथम अस्वस्थ करतें आणि मग विचार करावयास लावतें. पुस्तक नवें नाहीं; परंतु समुपदेशन हा शब्द आतां आपल्या शाळा-महाविद्यालयांत रूढ झाला असल्यामुळें, त्यामागील विचाराचें एक मूळ पुन्हां तपासून पाहणें अवश्य आहे.

रॉजर्स (१९०२-१९८७) हे धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेनें न्यूयॉर्कच्या एका धर्मविद्यालयांत गेले. तेथून ते मानसशास्त्राकडे वळले, आणि पुढें रॉचेस्टर येथें बारा वर्षें त्यांनीं अडचणींत सांपडलेल्या मुलांसाठीं काम केलें. त्या काळांतील एक प्रसंग त्यांनीं या पुस्तकांत सांगितला आहे. एका द्वाड मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाच्या वागण्याचें मूळ आईनें त्याला लहानपणीं दूर लोटण्यांत आहे, असें निदान करून तें तिला पटविण्याचा त्यांनीं परोपरीनें यत्न केला, पण व्यर्थ. अखेर दोघांनींही हार मानली. बाई दारापर्यंत गेली, वळली, आणि येथें मोठ्या माणसांनाही मदत मिळते काय, असें तिनें विचारलें. होकार मिळतांच ती परत येऊन बसली व आपल्या संसाराची कहाणी सांगूं लागली. खरा उपचार तेथून सुरू झाला. कोठें दुखतें हें दुखणाऱ्यासच ठाऊक असतें, हा धडा रॉजर्स यांनीं त्यावरून घेतला.

त्यांचें सारें शास्त्र या धड्याचाच विस्तार होय. रोग आणि रोगी यांची फाळणी त्यांना मान्य नाहीं. समोर असतो तो एक अखंड मनुष्य. त्याच्याशीं जडणारें नातें हेंच औषध. त्या नात्यांत समुपदेशकानें आंतून-बाहेरून एकच असावें, समोरच्याचा विनाअट आदर करावा, आणि त्याचें जग त्याच्याच डोळ्यांनीं पाहावें. हें बोलून ते थांबले नाहींत. एका संपूर्ण उपचाराचें शब्दशः टिपण त्यांनीं १९४२ सालींच प्रसिद्ध केलें होतें. बंद दारामागचें काम असें उजेडांत मांडण्यास धैर्य लागतें, आणि त्याबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो.

परंतु १९५७ सालच्या एका लेखांत त्यांनीं अशा अटींना आवश्यकच नव्हे तर पुरेशाही म्हटलें, तेथें आमचा मतभेद आहे. विस्कॉन्सिन येथें स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्यांनींच हा प्रयोग करून पाहिला, तेव्हां अपेक्षेइतकें यश आलें नाहीं. १९५७ सालींच तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनीं जाहीर संवादांत त्यांना विचारलेला प्रश्नही अद्याप जिवंत आहे: मदत मागावयास आलेला आणि मदत देणारा, हे दोघे खरोखर समान कसे? शिवाय मनुष्यास तो आहे तसा स्वीकारणें निराळें, आणि तो जो होऊं शकतो त्यावर विश्वास ठेवून प्रसंगीं त्याच्याशींच झगडणें निराळें. महाराष्ट्रांत कि. मो. फडके यांच्या प्रयत्नांनीं परिचित झालेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धति या झगड्यास भीत नाहीं. चुकीचा विचार चुकीचा आहे, असें ती तोंडावर सांगते. आपल्या कुटुंबांत मनुष्य मुलगा, सून, भाऊ या नात्यांनीं इतका बांधलेला असतो कीं, केवळ स्वतःच्या अंतरीचा आवाज ऐकून त्याचा प्रश्न सुटतोच असें नाहीं. या बंधनांचा विचार पुस्तकांत तोकडा आहे.

तरीही हें पुस्तक आम्ही कपाटांत परत ठेवूं शकलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वी एक विद्यार्थी आमच्या घरीं आला होता. अभ्यासांत मन लागत नाहीं, एवढेंच तो म्हणाला. आम्हीं त्याला अर्धा तास वेळेचें महत्त्व सांगितलें, दिनक्रम आंखून दिला. तो नमस्कार करून निघाला आणि दारांत क्षणभर घुटमळला. आम्हीं तोंवर वर्तमानपत्र हातांत घेतलें होतें. पुढें त्यानें महाविद्यालय सोडल्याचें कळलें; कारण आम्हांस कधींच कळलें नाहीं. रॉचेस्टरची ती बाई दारांतून वळली, कारण आंत कोणी तरी अजून तिच्याकडे पाहत होतें.

ऐकून घेणें पुरेसें आहे, हें रॉजर्स यांचें म्हणणें आम्हांस पटत नाहीं; पण त्यावांचून दिलेला सल्ला वायां जातो, हें आम्हांस मान्य करावें लागतें. पालकांनीं आणि अध्यापकांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें, व वाचतांना आपल्या दाराकडे एकदां पाहावें.