कर्तेपणाचे भय : मराठी कथनात्म साहित्यातील कुमारवयीन परात्मता

कुमारवयातील एकाकीपण आणि मोठे होण्याचे भय हे आशयसूत्र मराठीत अभ्यासावयाचे म्हटले की जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ (१९५१) या कादंबरीशी भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) तुलना अपरिहार्यपणे पुढे येते. प्रथमपुरुषी निवेदन, बोलभाषेचा बेदरकार वापर, शिक्षणसंस्थेविषयीची तुच्छता, धाकट्या भावंडाचा मृत्यू ही साम्यस्थळे सहज दाखविता येतात आणि ती पुष्कळदा दाखविली गेली आहेत. मात्र साम्यांची यादी जितकी लांबते तितका एक प्रश्न मागे पडत जातो : ही दोन मुले भितात ती एकाच गोष्टीला काय?

सोळा वर्षांच्या होल्डनला प्रौढांचे जग खोटे वाटते. संग्रहालयातील न बदलणाऱ्या प्रतिकृती त्याला आवडतात. कड्यावरून पडणाऱ्या मुलांना झेलावे, एवढेच त्याला करावेसे वाटते. त्याचे वडील यशस्वी वकील आहेत. परंतु कादंबरीत ते प्रत्यक्ष येतच नाहीत. त्यांचे काही चालवावयास घ्यावे, अशी मागणी होल्डनकडे कोणी करीत नाही. त्याचे भय नैतिक आहे आणि म्हणूनच ते त्याचे एकट्याचे आहे.

पांडुरंग सांगवीकरची स्थिती याहून मुळातच वेगळी आहे. त्याच्या कथनात वडील जागोजाग आहेत : पैशात, हिशेबात, गावातील प्रतिष्ठेत आणि घरात कोणाचे काय व्हावयाचे या निर्णयात. मराठीत वडीलधारी माणसे मुलाला ‘मोठा हो’ असा आशीर्वाद देतात. वाढलेल्या मुलाविषयी तो ‘हाताशी आला’ असे म्हणतात. हाताशी म्हणजे कोणाच्या हाताशी, हे सांगावे लागत नाही. मोठे होणे ही येथे स्वतःचा शोध लागण्याची घटना नसून घराच्या कर्तेपणाच्या रांगेत उभे राहण्याची घटना आहे. जे आशीर्वाद म्हणून दिले जाते त्याला नकार देण्याची भाषाच उपलब्ध नसते. म्हणून पांडुरंगचा नकार शब्दांत न येता वर्तनात येतो. पुण्यातील उधळपट्टी आणि परीक्षांतील अपयश यांकडे समीक्षेने बहुधा अस्तित्ववादी निरर्थकतेची खूण म्हणून पाहिले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. वडिलांचा पैसा निष्फळ करून टाकणे ही वारसाला करता येणारी सर्वांत परिणामकारक अवज्ञा असते.

मनीच्या मृत्यूचा प्रसंगही याच संदर्भात वाचावा लागतो. ॲलीच्या मृत्यूनंतर होल्डन गॅरेजच्या काचा फोडतो. त्याचा भाऊ त्याच्या मनात कायमचा लहान राहतो. मनी देवीच्या आजाराने जाते तेव्हा पांडुरंगचा संताप मृत्यूवर थांबत नाही, तो घरावर उलटतो. ज्या घराचे कर्तेपण आपल्याकडे यावयाचे आहे, ते आपल्या सर्वांत लहान माणसाला वाचवू शकले नाही, ही त्या संतापामागील जाणीव आहे. पंचविसाव्या वर्षी आपली हकीकत सांगणारा हा निवेदक वयाने कुमार नाही. परंतु ज्या उंबरठ्यावर तो अडला आहे तो कुमारवयाचाच उंबरठा आहे. ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीत मृत्युशय्येवरील वडिलांकडे परतणारा खंडेराव पाहिला की नेमाडे यांना हा उंबरठा किती दीर्घकाळ पुरला, हे ध्यानी येते.

एकाकी होण्यासही जागा लागते. पाश्चात्त्य कादंबरीतील मुलाला स्वतःची खोली असते, निदान हॉटेलची तरी. भारतात अशा खोलीची शक्यता नव्या नगररचनेने आणली. सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत, १९४०च्या दशकात, जयपूरच्या परकोटाबाहेर आखल्या गेलेल्या सी-स्कीमसारख्या वसाहतीत सुटा भूखंड आणि सुटा बंगला आला, आणि परकोटातील हवेलीच्या सामायिक चौकात न मिळणारा आडोसा मुलाला मिळण्याची शक्यता निर्माण झाली. मराठी कुमाराला मात्र साहित्यात ती खोली क्वचितच लाभते. तो उसन्या जागेत एकटा होतो. पांडुरंगला वसतिगृह आहे. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’मधील (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीला आणि त्याच्या मित्रांना अर्धवट बांधलेली इमारत आहे. तिच्यात अद्याप कोणाचा संसार नाही, एवढ्यापुरतीच ती त्यांची आहे. आणीबाणीच्या वर्षात घडणाऱ्या या कादंबरीचे कालमान राजकीय घटनांपेक्षा शालेय वर्षाने ठरते आणि ती दहावीच्या दाराशी थांबते. भय तेथे आहेच. पण ते कर्तेपणाच्या पहिल्या पायरीचे, म्हणजे परीक्षेचे रूप घेऊन आले आहे. शिरोडकर मात्र गाव सोडून जाते. तिच्या मनात काय होते हे मुकुंदला कळत नाही, म्हणून वाचकालाही कळत नाही.

ही निवेदनाची मर्यादा आहे, तशीच ती या परंपरेचीही आहे. कर्तेपणाचे भय ही मुलाची मिरास. मुलीला ते वाट्यास येण्याची सोयच नाही. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधील (१९३३) शिकलेल्या मुली मोठे होण्यास भीत नाहीत. आपल्याला मोठे होऊ दिले जात नाही, ही त्यांची तक्रार आहे. तौलनिक अभ्यासात ‘कोसला’शेजारी सॅलिंजरऐवजी हे पुस्तक ठेवून पाहिल्यास अधिक काही हाती लागण्याचा संभव आहे.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन या सर्वांपासून किंचित अलग उभा आहे. ‘वनवास’ (१९९४) ते ‘झुंबर’ (२००२) या चार संग्रहांतून तो आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी राहतो. बेळगाव परिसराच्या कानडी वळणाच्या मराठीत वाढणाऱ्या या मुलाचे परकेपण घरापासूनच्या अंतराचे आहे. त्यात बंड नाही. आजीआजोबांचे घर प्रेमळ आहे, पण तेथे तो वारस नसून पाहुणा आहे. कर्तेपणाची छाया त्यामुळेच त्याच्यावर उशिरा पडते आणि त्याला आश्चर्याने पाहण्यास अवधी मिळतो. ‘एकसमयावच्छेदेकरून’ यासारखा मोठ्यांचा अवजड शब्द तो खेळण्यासारखा वापरतो. मोठ्यांच्या जगातील जी वस्तू त्याला निर्धास्तपणे हाती घेता येते ती म्हणजे त्यांची भाषा. संतांनी हे संग्रह प्रसिद्ध केले ते पन्नाशी उलटल्यावर, आणि तरीही लंपनला त्यांनी कुमारवयाच्या पलीकडे जाऊ दिले नाही.