बिनतारी सिरियल संप्रेषण : 'केबलचा पर्याय' या संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :
कारखाने, पाणीपुरवठा योजना व मलप्रक्रिया केंद्रे यांतील अनेक मापनयंत्रे आजही सिरियल पोर्टमधूनच माहिती देतात. आरएस-232 हे मानक 1960 मधील असून त्याची केबल साधारणतः 15 मीटरपर्यंतच भरवशाची मानली जाते. आरएस-485 ने ही मर्यादा सुमारे 1200 मीटरपर्यंत नेली. पुढे दोन्ही टोकांना रेडिओ मोडेम जोडून मधली तारच काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. भारतात 2005 मध्ये 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्ती उपकरणांसाठी परवानामुक्त झाल्याने ही पद्धत अधिक सुलभ झाली. अशा मोडेमचे वर्णन 'केबलचा पर्याय' असे केले जाते. हे वर्णन कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
ठाणे पूर्वेतील कोपरी येथे महानगरपालिकेचे मलप्रक्रिया केंद्र आहे. अशा एखाद्या केंद्रात प्रवाहमापक आवाराच्या एका टोकाला आणि नियंत्रण कक्ष दुसऱ्या टोकाला आहे, असे उदाहरणादाखल गृहीत धरू. दोहोंत 1979 मध्ये आलेल्या मॉडबस नियमावलीने संवाद होतो. तिच्या आरटीयू प्रकारात संदेश कोठे संपला हे कोणतेही चिन्ह सांगत नाही. साडेतीन अक्षरांइतकी शांतता हीच समाप्तीची खूण होय. सेकंदाला 9600 बिट या वेगाने ही शांतता अवघी 4 मिलिसेकंदांची असते.

येथेच तार आणि रेडिओ यांतील भेद उघड होतो. मॉडबसचा संदेश 256 बाइटपर्यंत असू शकतो. झिगबीचा आधार असलेल्या 802.15.4 या मानकाची मूळ चौकट मात्र शीर्षकासह 127 बाइटांची आहे. म्हणजे पूर्ण लांबीच्या संदेशाचे किमान तीन तुकडे होतात. प्रत्येक तुकडा वाहिनी मोकळी होण्याची वाट पाहतो, हरवल्यास पुन्हा पाठवला जातो. दोन तुकड्यांत 4 मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडले, की ग्राहक यंत्र अर्धा संदेशच पूर्ण समजते, त्रुटीतपासणीत तो अपात्र ठरतो आणि टाकून दिला जातो. पडद्यावर मात्र मागचाच आकडा राहू शकतो. तुटलेली तार लगेच लक्षात येते. शिळा आकडा ताज्यासारखाच दिसतो. पंप चालू ठेवावा की बंद करावा, हा निर्णय त्या आकड्यावरच होत असतो.

हा धोका नवा नाही. 1971 मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या अलोहानेटने संगणक-टर्मिनलांची माहिती रेडिओवरून पाठवली. संदेशांची टक्कर होणारच, असे तेथे आरंभीच गृहीत धरले होते. म्हणून त्रुटीतपासणी, पोच आणि पोच न आल्यास यादृच्छिक विलंबानंतर पुनर्प्रेषण यांची योजना होती. या पद्धतीत वाहिनीचा उपयोग सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त 18 टक्के होतो. माध्यमाची ही मर्यादा मान्य करूनच ती प्रणाली उभी राहिली.

समारोप :
'केबलचा पर्याय' हे वर्णन जोडणीपुरते खरे, वर्तनापुरते नाही. मोडेमने पूर्ण संदेश साठवून एकसंध सोडावा, प्रत्येक वाचनासोबत क्रमांक व वेळ असावी आणि ठरावीक मुदतीत वाचन न आल्यास पडद्याने तसे स्पष्ट दाखवावे, ही किमान अपेक्षा होय. केवळ पल्ला आणि वेग सांगून अशा प्रणालीचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. माहिती न पोहोचल्यास ती काय करते, हाच तिचा खरा निकष आहे.