‘त्रिपिटकात म्हटले आहे’ एवढ्याने भागेल काय?

बौद्ध अध्ययनाच्या क्षेत्रात मराठीतून शोधनिबंध लिहिले जात आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यांपैकी अनेक निबंधांत एक उणीव सातत्याने आढळते. ‘त्रिपिटकात म्हटले आहे’ एवढे लिहून लेखक पुढे जातो व अखेरीस ग्रंथांची लांबलचक सूची जोडतो. कोणते विधान कोणत्या ग्रंथातून घेतले, हे वाचकाला कळत नाही.

उदाहरणार्थ, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात तंटा झाला आणि त्यातून सिद्धार्थाचा गृहत्याग घडला, हे विधान सर्रास त्रिपिटकाच्या नावावर घातले जाते. वस्तुतः येथे निरनिराळे स्तर आहेत. सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्तात परस्परांशी झगडणारे लोक पाहून संवेग उत्पन्न झाल्याचे कथन आहे. रोहिणीचा उल्लेख तेथे नाही. रोहिणीचा तंटा कुणालजातकाच्या व धम्मपदाच्या अट्ठकथेत येतो. पण तेथे तो मिटविणारे स्वतः बुद्ध आहेत, अर्थात तो प्रसंग संबोधीनंतरचा ठरतो. धर्मानंद कोसंबी यांनी अत्तदण्डसुत्ताच्या आधारे गृहत्यागाची नवी चिकित्सा केली. पाण्याचा तंटा, शाक्यसंघातील मतभेद आणि गृहत्याग यांची सुसंगत मांडणी बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या पहिल्या खंडात केली.

हे स्तर वेगळे न दाखविल्यास हानी कोणाची होते? विरोधक मूळ पालि ग्रंथ उघडतो, त्याला ते विधान त्या रूपात सापडत नाही, आणि बाबासाहेबांच्या विचारपूर्वक केलेल्या मीमांसेला तो कपोलकल्पित ठरवितो. दोष निबंधलेखकाचा, दूषण मात्र बाबासाहेबांना!

म्हणून संदर्भ विधानालगतच, कंसात द्यावा. केवळ पृष्ठांक पुरेसा नाही. पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीची व नालंदेच्या देवनागरी आवृत्तीची पृष्ठे जुळत नाहीत. ग्रंथ, सुत्त आणि आवृत्ती यांचा निर्देश हवा. अट्ठकथेला अट्ठकथाच म्हणावे. बाबासाहेबांचे प्रतिपादन असेल तेथे खंड, भाग व परिच्छेद नोंदवून त्यांचेच नाव घ्यावे. त्याला त्रिपिटकाचा बुरखा नको. त्यांच्या या ग्रंथाची पालि मूलस्थाने शोधण्याचे कष्ट भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवादाच्या वेळी घेतले, हा आदर्श आपल्यासमोर आहे.

महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेस हेच शिकवितात : बुद्धवचन म्हणून कोणी काही सांगितले, तर ते सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. वाचकाला ताडून पाहण्याची वाटच न ठेवणारा निबंध श्रद्धेची मागणी करतो. ‘एहिपस्सिको’ म्हणविणाऱ्या धम्माच्या अभ्यासकास ते शोभत नाही.