निंदणी : तण कोणते, पीक कोणते?

मराठी सरकारी भाषेत 'निंदणीकरण' असा एक शब्द आहे. शेतातली निंदणी आपल्याला ठाऊक असते. पिकाच्या ओळी राखून मधले तण काढायचे, ती निंदणी. कार्यालयातले निंदणीकरण म्हणजे मुदत संपलेले कागद निवडून बाजूला काढणे आणि नियमाप्रमाणे त्यांचा नाश करणे. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत हे काम चालते, आणि ते चालते एका यादीच्या आधारे. कोणता कागद किती वर्षे ठेवायचा, हे ती यादी सांगते. साहित्याच्या वाचकांना ती रूक्ष वाटेल. पण उद्याच्या चरित्रकाराला आणि इतिहासकाराला काय सापडेल आणि काय सापडणार नाही, हे ती आजच ठरवून टाकते. एवढी सत्ता असलेल्या मजकुराची समीक्षा व्हायला हवी. या विषयाचे माझे रीतसर शिक्षण नाही. रेकॉर्ड रूमच्या बाकावर बसून जे कळले, त्याच्या जोरावर हे लिहितो आहे.

यादीची रचना सोपी आहे. महाराष्ट्रातल्या कार्यालयांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले असतात. 'अ' म्हणजे कायम ठेवायचे. 'ब' म्हणजे ३० वर्षे, 'क' म्हणजे १० वर्षे, 'क-१' म्हणजे ५ वर्षे आणि 'ड' म्हणजे १ वर्ष. प्रकरण संपले की नस्तीवर वर्गाचे अक्षर पडते आणि ती अभिलेख कक्षात जाते. तिथे गठ्ठा बांधला जातो, मुदत भरली की तो सोडला जातो. म्हणजे कागदाचे आयुष्य ठरते ते बहुधा त्या अक्षराच्या क्षणी. ते अक्षर लिहिणारा असतो शाखेतला कारकून. त्याला संध्याकाळच्या आत टेबल मोकळे करायचे असते.

आता 'निंदणी' हा शब्द नीट पाहू. शेतात निंदायला बसलेली बाई चुकत नाही, कारण काय पेरले आहे हे तिला माहीत असते. बाजरीचे रोप आणि गवताची काडी ती हातानेच ओळखते. कागदांच्या शेतात मात्र पेरताना कोणी पीक ठरवलेले नसते. अर्ज आला, चौकशी झाली, नोंद झाली, शेरा पडला. ज्या कामासाठी कागद जन्मला ते काम संपले. पुढे त्याला कोण, कशासाठी विचारणार आहे, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. पीक माहीत नसताना केलेल्या कामाला शेतकरी निंदणी म्हणणार नाही. यादीतली पहिली अडचण या शब्दातच आहे.

अभिलेखशास्त्रातही हा वाद जुना आहे. इंग्लंडच्या हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात अशी भूमिका घेतली, की काय टाकायचे हे ज्याने कागद निर्माण केले त्या कार्यालयानेच ठरवावे. अभिलेखपालाने निवडीत हात घालू नये. दुसऱ्या महायुद्धाने कागदांचे डोंगर उभे केले, तेव्हा ही भूमिका पुरेना. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले टी. आर. शेलेनबर्ग यांनी १९५६ मध्ये दोन मूल्ये वेगळी केली. कार्यालयाला स्वतःच्या कामासाठी असलेले मूल्य पहिले. काम संपल्यावर इतरांना असलेले मूल्य दुसरे. ही फोड मला आजही उपयोगी वाटते. आपल्या अ-ब-क-ड यादीवर ती ठेवून पाहिली, तर यादीचा कल लगेच दिसतो. बहुतेक मुदती पहिल्या मूल्यावर बेतलेल्या आहेत. लेखापरीक्षण कधी होईल, अपिलाची मुदत कधी संपेल, निवृत्तिवेतन कधी लागू होईल, हे प्रश्न कार्यालयाचे आहेत. दुसऱ्या मूल्याचा मालक यादी करताना समोर नसतो. त्याच्या वतीने बोलणारेही कोणी नसते.

तो मालक कसा उगवतो, हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाबद्दलचे मत हा इथला विषय नाही. शोध कुठे घेतला गेला, एवढेच पाहू. गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, जुनी महसुली पत्रके. काही मोडीत, काही उर्दूत. तहसिलांच्या कपाटांतून हे सारे बाहेर आले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी बोलावणी येऊ लागली. गावात कोण जन्मले, कोण मेले, कशाने मेले, याचा हिशेब सरकारला हवा होता, म्हणून जन्ममृत्यूची नोंदवही ठेवली जात होती. नावापुढे जातीचा शब्द लिहिणाऱ्याला त्या शब्दावर पुढे शंभर वर्षांनी एखाद्याचा प्रवेश किंवा नोकरी अवलंबून राहील, असे स्वप्नातही आले नसेल. त्या वह्या जिथे टिकल्या तिथल्या लोकांना कागद मिळाला. जिथे वाळवीने खाल्ल्या किंवा रद्दीत गेल्या, तिथल्या लोकांचे पणजोबा नोंदीपुरते नाहीसे झाले.

हे एका समाजापुरते नाही. जात पडताळणीसाठी जे मानीव दिनांक आहेत, ते पाहावेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा त्या तारखेआधीचा हवा. आता हिशेब मांडू. १९६० साली 'ब' वर्गात पडलेला कागद १९९० मध्ये नियमानेच नष्ट होऊ शकतो. २००५ साली जन्मलेली मुलगी २०२३ मध्ये महाविद्यालयात जाते, तेव्हा तिच्याकडे मागितला जाणारा पुरावा मात्र १९६७च्या आधीचाच असतो. शाळेचे जनरल रजिस्टर कायम ठेवायचे असते, म्हणून निदान एक दार उघडे राहते. पण ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, पालावर वाढले, गावोगाव फिरले, त्यांचे काय? त्यांची नोंद सापडली तर अशाच एखाद्या किरकोळ नस्तीत सापडणार. दोन्ही नियम एकाच शासनाचे आहेत. एक कागद मागतो, दुसरा तो जाळतो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही.

असा प्रसंग परदेशातही घडला आहे, आणि तो आपल्याला उपयोगी आहे. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे लोक इंग्लंडला आले. पुढच्या दशकांत असे अनेक जण आले, मुलेही आली. १९७१च्या कायद्याने आधीपासून स्थायिक असलेल्यांना राहण्याचा हक्क दिला, पण तो कोणाला मिळाला याची नोंद ठेवली नाही. २०१० साली गृहखात्याने त्या प्रवाशांची जुनी लँडिंग कार्डे नष्ट केली. पुढे कायदे कडक झाले आणि म्हातारपणी या लोकांना विचारणा झाली : तुम्ही इथे कधी आलात, दाखवा. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींना देशाबाहेर धाडले गेले. २०१८ मध्ये हे प्रकरण उघड झाले. ती कार्डे सततच्या वास्तव्याचा पुरावा नव्हतीच, असे सरकारचे म्हणणे होते. असेलही. पण माणूस केव्हा आला, याचा तो कागद होता, आणि प्रश्न नेमका तोच होता.

यावर रास्त आक्षेप असा, की सगळे ठेवणार कुठे? खोल्या भरतात, छत गळते, वाळवी लागते. आणि न निवडलेल्या ढिगात हवा तो कागद सापडत नाही, म्हणजे असून नसल्यासारखाच. हे मला मान्य आहे. निवड अटळ आहे. पण निवडीचे दोन प्रकार आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवड करून ४५ खंड छापले. त्यांची नजर मुख्यतः राजकारणावर होती. गावांचे हिशेब आणि वसुलाचे कागद बहुतांशी रुमालांतच राहिले. पुढे शेती, जात, न्याय यांचा अभ्यास करणारे देशी-परदेशी अभ्यासक पुण्याच्या त्याच दफ्तराकडे वळले आणि त्यांना वेगळा महाराष्ट्र दिसला. सरदेसाईंनी वगळलेले परत आले, कारण वगळलेले जाळले नव्हते. निंदणीत गेलेल्या कागदाला असा दुसरा वाचक मिळत नाही.

कायद्याला हे थोडे कळले आहे. केंद्राच्या १९९३च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार १८९२ पूर्वीचा कागद, तो निकामी झालेला असल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. २५ वर्षांहून जुन्या कागदांचे मूल्यमापन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करायचे असते. नियमबाह्य नाश केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्राचाही २००५चा अधिनियम आहे. पण या कायद्यांचा धाक नियम मोडणाऱ्याला आहे. नियम पाळून जे नष्ट होते, त्याबद्दल प्रश्न विचारायला जागा नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जळालेल्या फायलींची चर्चा महाराष्ट्रभर झाली. मुदत संपली म्हणून दरवर्षी जे जाते, त्याची बातमी होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. नाश करण्याआधी यादी तहसील आणि जिल्हा पातळीवर फलकावर लावावी व हरकतींना मुदत द्यावी. निर्णयाच्या वेळी कार्यालयाबाहेरचा एक तरी जाणकार तिथे बसलेला असावा. तो स्थानिक इतिहासाचा अभ्यासक असेल, नाहीतर पडताळणीची प्रकरणे हाताळणारा वकील. आणि नष्ट केलेल्या कागदांची यादी 'अ' वर्गात धरून कोणालाही पाहता यावी. माहिती अधिकारात 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर येते, तेव्हा निदान तो केव्हा, कोणाच्या सहीने आणि कोणत्या नियमाखाली गेला, हे कळले पाहिजे. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. नवी इमारतही लागत नाही.

या मागण्या मान्य झाल्या तरी कागद नष्ट होतच राहतील, आणि त्यांतला एखादा कोणाला तरी हवा असेलच. फरक इतकाच, की तो शोधत आलेल्या माणसाला निदान सांगता येईल : तुमचा कागद होता.