पुसलेल्या फिती आणि स्मरणरंजन

विज्ञानकथेच्या जुन्या मालिका-चित्रपटांवरचे लेखन बहुधा स्मरणरंजनाच्या अंगाने जाते. पुठ्ठ्याची याने, रबरी राक्षस आणि ‘तेव्हा किती भीती वाटायची!’ हा ठरलेला उद्गार. अशा स्मरणरंजनाला मूळ कलाकृतीची फारशी गरजच नसते, असा माझा जुना संशय आहे. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ने तो तपासण्याची आयती सोय करून ठेवली आहे.

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेल्या या मालिकेचे पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांतले ९०हून अधिक भाग पुढे नाहीसे झाले. चित्रफीत महाग होती, पुनर्प्रक्षेपणावर कलावंतांच्या करारांची बंधने होती, आणि रंगीत दूरचित्रवाणी आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरले नाही. मग फिती पुसून पुन्हा वापरायच्या. परदेशी पाठवायच्या फिल्म-प्रतीही पुढे मोडीत निघाल्या. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हिशेब होता. नायकच चेहरामोहरा बदलून नव्या नटाच्या रूपात उभा राहतो, ही मालिकेला आजवर जगवणारी युक्ती १९६६ साली ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या चौथ्या भागात प्रथम आली. तो भागच हरवला. बदलाचा क्षण तेवढा उरला, तोही ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तुकडा वापरला होता म्हणून!

आवाज मात्र सगळ्या भागांचा शिल्लक आहे. हौशी प्रेक्षकांनी घरी, संचासमोर ध्वनिमुद्रक लावून तो टिपला होता. संस्थेने पुसले ते घरांनी जपले.

१९६७च्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चार भाग असेच गेले होते, आणि न पाहताच त्यांची ‘अभिजात’ म्हणून ख्याती वाढत राहिली. हाँगकाँगमध्ये प्रती सापडल्या, १९९२ साली ते पुन्हा लोकांसमोर आले आणि काहींचा हिरमोड झाला. मी ते बऱ्याच उशिरा पाहिले. माझ्या बालपणात ही मालिका नव्हती, त्यामुळे जपण्यासारखे काही नव्हते. उचलून फेकलेल्या माणसाच्या तारा दिसतात. एके ठिकाणी रिकामा पोशाखच भिरकावलेला कळतो. त्याचे मला काही वाटले नाही. थडग्यांवरचे पातळ पापुद्रे फाडून सायबरमेन सावकाश बाहेर येतात, तेव्हा तारा आठवतही नाहीत. वडील गमावलेल्या व्हिक्टोरियाशी डॉक्टर आपल्या घरच्यांविषयी बोलतो तो प्रसंग तर याहून सरस. हवे तेव्हा त्यांना आठवतो, एरवी ती मनात निजून असतात, अशा आशयाचे तो सांगतो. पॅट्रिक ट्राउटनने तो इतका हलक्या आवाजात केला आहे की पुठ्ठ्याच्या भिंती विसरायला होतात.

खटकतो तो टोबरमन. धिप्पाड, कृष्णवर्णीय, जवळजवळ मुका नोकर. मालकिणीच्या हुकमावर वावरणारा. मालिकेच्या गौरवात भीती येते, थडगी येतात, ट्राउटन येतो. हा फारसा येत नाही. आणि शेवटी सगळ्यांना वाचवण्यासाठी थडग्याचे दार लावून विजेच्या धक्क्याने मरण्याचे काम कथेने नेमके त्याच्याकडेच दिले आहे.